आमदाराकडे कधी जावं, खासदाराकडे कधी, आणि हातात काय घेऊन

तालुक्याच्या गावी आमदारांच्या संपर्क कार्यालयात थोडा वेळ बसून लोक काय काय कामं घेऊन येतात ते ऐकावं. कुणाचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याकडे अडकलेला असतो. कुणाच्या पोराचा पासपोर्ट आलेला नसतो. कुणाच्या वस्तीवरचा विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालेला असतो, कुणाला गावच्या स्टेशनवर गाडीचा थांबा हवा असतो, कुणाच्या दारासमोरची नाली तुंबलेली असते. कुणाला भावकीतल्या बांधाच्या भांडणाचा निकाल आपल्या बाजूनं लावून हवा असतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘साहेबांना भेटायचंय.’ यातली निम्मी कामं आमदारांच्या हातातली नसतात आणि एखाद-दुसरं कुणाच्याच हातातलं नसतं. हे कुणी सांगत नाही म्हणून माणसं रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून येतात आणि ‘बघतो’ एवढा शब्द घेऊन परततात.

लोकप्रतिनिधीकडे मदत मागण्यात लाजायचं काही नाही आणि ते उपकार मागणंही नव्हे. आपण मत कुणाला दिलं, दिलं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. निवडून आलेला माणूस साऱ्या मतदारसंघाचा असतो. पण त्याच्याकडे कोणती ताकद असते हे आधी समजून घ्यायला हवं. आमदार दाखला देत नाहीत, सातबारा दुरुस्त करत नाहीत, अनुदान खात्यावर टाकत नाहीत. त्या सह्या अधिकाऱ्याच्याच असतात. लोकप्रतिनिधीला खरा अधिकार आहे तो विचारण्याचा. त्यानं लेखी विचारलं की कार्यालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणून आपलं काम इतकंच, की त्याला नेमकं काय विचारायचं ते त्याच्या हातात द्यायचं.

कोणतं काम कुणाकडे

गावातला रस्ता, नाली, दिवाबत्ती, नळ, नमुना आठचा उतारा, घरकुलाची यादी हा कारभार ग्रामपंचायतीचा. त्याला सरपंच आणि तुमच्या वॉर्डाचा सदस्य. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होते आणि तिथं मांडलेली गोष्ट इतिवृत्तात येते. त्या पानाला पुढं किती किंमत येते ते खाली सांगतो. जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि गावाला जोडणारे बरेचसे रस्ते जिल्हा परिषद सदस्याच्या कक्षेत येतात. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. सदस्यच नव्हते, म्हणून शाळेचा पत्रा गळला तरी थेट आमदार गाठायची सवय त्या काळात पडली. जिथं सदस्य निवडून आले आहेत तिथं ती सवय आता सोडायला हवी. शाळेच्या पत्र्यासाठी सदस्य जितका जवळचा, तितका आमदार नाही.

पोलीस, महसूल, वीज, पाटबंधारे, शेती, सरकारी दवाखाने ही खाती राज्याची आणि त्याचा माणूस आमदार. मराठवाड्यात विधानसभेचे 46 मतदारसंघ आहेत. शिवाय विधान परिषदेत औरंगाबाद विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार असतात. शिक्षकांच्या पगाराचं, शाळेच्या अनुदानाचं काम असेल तर तुमच्या तालुक्याच्या आमदारापेक्षा शिक्षक मतदारसंघाच्या आमदाराला त्या विषयाची जाण जास्त असते. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

खासदार केंद्राच्या कामासाठी. रेल्वे, पासपोर्ट, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँका, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग. मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार जातात. खासदाराला तहसीलदारांकडे पाठवून काही उपयोग नाही असं नाही, ते फोन करतातही. पण राज्याच्या अखत्यारीतला विषय लोकसभेत मांडता येत नाही, त्यामुळे त्यांच्या हातातलं खरं साधन तिथं चालत नाही. उलट नांदेड रेल्वे विभागातल्या गाडीच्या थांब्यासाठी आमदारांच्या मागं लागण्यातही वेळच जातो. आणखी एक जुनी समजूत सांगून टाकतो. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा खासदारांचा कोटा 2022 मध्येच बंद झाला. तरी दर उन्हाळ्यात पालक त्यासाठी फिरत असतात.

आधी आपली पायरी चढा

लोकप्रतिनिधीकडे जाण्याआधी संबंधित कार्यालयात स्वतःचा लेखी अर्ज गेलेला असला पाहिजे. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवायची, तिच्यावर आवक-जावक टेबलावरून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच द्यायला कुणी कां कूं केली तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवायचा. एवढा एक कागद नसल्यामुळे किती कामं अडतात याला गणती नाही.

दाखले, उतारे, परवाने यांसाठी तर 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची आणि ती देणारा अधिकारी कोण, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आमदाराचा फोन मागण्यापेक्षा पहिल्या अपिलाचा कागद जास्त धाक घालतो, असं माझं ठाम मत आहे. फोन एका दाखल्यापुरता असतो. अपिलाची नोंद मात्र त्या टेबलाच्या नावावर राहते.

वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत आणि तक्रार स्वतःची असावी लागते, गावाची नाही. विजेचंही असंच. ग्रामीण भागात डीपी जळाला तर तो 48 तासांत बदलणं हे वीज कंपनीला वीज नियामक आयोगानं घालून दिलेलं मानक आहे. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला असेल, तरच ते 48 तास मोजता येतात. आपल्याकडे मात्र डीपी जळाला की आधी वर्गणी गोळा होते, मग ट्रॅक्टर ठरतो, मग आमदारांचे फोन. तक्रार क्रमांक कुणाकडेच नसतो.

मग आमदाराकडे जायचं कधी? अर्ज देऊन मुदत उलटली आणि उत्तर नाही, तेव्हा. दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, तेव्हा. आपलं काम नियमात बसतं पण नियमाचा अर्थ चुकीचा लावला जातोय, तेव्हा. काम एकट्याचं नसून गावाचं आहे आणि त्याला निधी किंवा धोरण लागतं, तेव्हा. आणि जिवावरचा प्रसंग असेल तर पायऱ्या मोजत बसायचं नाही, तेव्हा लगेच.

एक कागद, जवळून पाहू

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पावसानं जे केलं ते सांगायला नको. बीड, धाराशिव, लातूर, नांदेडपासून सगळीकडे सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कुठं मातीच खरवडून गेली. सरकारनं ऑक्टोबरमध्ये मदतीचं मोठं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतरच्या महिन्यांत संपर्क कार्यालयांत एकच वाक्य ऐकू येत होतं, ‘पैसे पडले नाहीत.’

एका कार्यालयात पीएच्या टेबलापाशी एक आजी उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत बँकेचं पासबुक.

‘पैसे पडनात बाबा.’

‘मावशी, व्हीके नंबर आहे का?’

‘त्ये काय आस्तंय? समद्यांचे पडले, माझेच पडनात.’

‘सातबारा कुणाच्या नावानं हाय?’

‘मालकाच्या. वारून दोन वर्षं झाली की.’

गाठ तिथं होती. वारस नोंद झालेली नव्हती, सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव होतं. अशा खात्यावर पैसे जाणार कसे? आमदारांनी मंत्रालयात फोन केला असता तरी ते गेले नसते. त्या आजींना आमदार लागत नव्हते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा होता. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्या पीएनं हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि अर्जही लिहून दिला. चांगला पीए असला की निम्मं काम होतं. मतदारसंघात त्याचं नाव आणि बसायची वेळ ठाऊक असणं, साहेबांचा नंबर असण्यापेक्षा उपयोगाचं आहे.

अनुदानाचा पैसा कुठून कुठं जातो ते माहीत असलं की अडलंय कुठं ते शोधता येतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. यादी तहसीलमध्ये जाते, पोर्टलवर चढते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यालाच लोक व्हीके नंबर म्हणतात. मग सेवा केंद्रावर ई-केवायसी आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यावर रक्कम. यादीतच नाव नसेल तर प्रश्न तलाठ्याकडे. क्रमांक आहे पण केवायसी बाकी असेल तर आपल्याकडे. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर बँकेकडे. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं सहमतीपत्र लागतं. आणि हे सगळं होऊनही पैसे नाहीत, तर मग तहसीलकडे. आमदारांकडे जाण्यासारखा गट हा शेवटचा.

म्हणून गावानं निवेदन देण्याआधी एक संध्याकाळ देवळात किंवा ग्रामपंचायतीत बसून यादी करावी. नाव, गट क्रमांक, व्हीके नंबर, केवायसीची तारीख, अडचण. ज्यांचं काम आपल्याच पातळीवर बाकी आहे त्यांना वेगळं काढावं. उरलेल्यांसाठी पत्र लिहावं. नमुन्यादाखल असं:

‘प्रति, मा. आमदार, अमुक विधानसभा मतदारसंघ.

विषय: मौजे अमुक येथील सोबतच्या यादीतील शेतकऱ्यांना सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीचे अनुदान न मिळाल्याबाबत.

महोदय, आमच्या पिकांचा संयुक्त पंचनामा झाला असून यादीत आमची नावे आहेत. विशिष्ट क्रमांक मिळाले, ई-केवायसी पूर्ण केली, पावत्या सोबत जोडल्या आहेत. तरीही रक्कम जमा झालेली नाही. याबाबत तहसील कार्यालयात अमुक तारखेस अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक. उत्तर मिळालेले नाही. तरी आपण तहसीलदार यांच्याकडून दोन मुद्द्यांवर लेखी माहिती मागवावी ही विनंती. आमची प्रकरणे कोणत्या टप्प्यावर व कोणत्या कारणाने थांबली आहेत? त्रुटी असल्यास ती कोणी व कोणत्या तारखेपर्यंत दूर करायची आहे?’

खाली सह्या, एकाचा मोबाइल नंबर, मागं यादी. बस्स. यात आपल्या हालअपेष्टांचं वर्णन नाही. ते मनात असतं, असायलाच हवं, भेटीत बोलावंही. पण कागद ज्या टेबलावर जाणार आहे तिथल्या माणसाला गट क्रमांक लागतो. ‘न्याय मिळावा’ असं लिहिलं तर तहसीलदारांना उत्तरात काहीही लिहिता येतं. ‘कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने’ असं विचारलं की टप्पा आणि कारण लिहावंच लागतं.

एका पत्रात एकच विषय घ्या. अनुदान, पाणंद रस्ता आणि शाळेची खोली एकाच निवेदनात घातली तर ते तीन खात्यांत फिरतं आणि एकाही खात्यात उघडत नाही.

फोन नको, पत्र मागा

आपल्याकडे समोरासमोर फोन लावून देणारा आमदार कामाचा समजला जातो. स्पीकरवर अधिकारी ‘हो साहेब, करतो साहेब’ म्हणतो, माणूस समाधानानं घरी जातो. त्या फोनची कुठंच नोंद नसते. अधिकारी बदलला, की संपलं. म्हणून आदरानं, पण ठामपणे म्हणावं: ‘साहेब, फोन केलात, आभारी आहे. सोबत लेटरहेडवर एक पत्रही द्या.’ त्या पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख पडलीय का ते पाहावं. त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. आणि शक्य असेल तर पत्र स्वतः नेऊन कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पीएच्या कपाटात राहिलेली पत्रं थोडी नसतात.

लोकप्रतिनिधींच्या पत्रांबाबत राज्य शासनानं कार्यालयांना वेळोवेळी सूचना दिल्या आहेत. नोव्हेंबर 2025 च्या सूचनांत आमदार-खासदारांच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवावी आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं असं म्हटलेलं आहे. हे ठाऊक असलं की दोन महिन्यांनी नुसतं ‘काय झालं?’ न विचारता ‘साहेबांच्या अमुक क्रमांकाच्या पत्राला उत्तर आलं का?’ असं विचारता येतं. या दोन प्रश्नांत फार अंतर आहे.

भेटायला जाताना चार-पाच जणांपेक्षा जास्त नकोत. वीस माणसं गेली की साहेब सगळ्यांशी हात मिळवतात, चहा होतो, फोटो निघतो आणि विषय राहून जातो. बोलणारा एकच असावा, आणि शक्यतो ज्याचं काम आहे तोच. बायांच्या नावचं काम असेल तर बाईनं बोलावं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये ज्या विधवेला मिळायचे आहेत, तिच्या वतीनं गावचा पुढारी बोलतो आणि ती दाराशी उभी राहते, हे चित्र बदललं पाहिजे. तिला विचारलं तर ती तारखेसकट सांगते.

गावाचं काम असेल तेव्हा

खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये असतात, महाराष्ट्रात आमदारालाही तेवढेच. हा पैसा त्यांच्या हाती येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते आणि काम यंत्रणा करते. त्यातून सार्वजनिक मालमत्ता उभी राहते, एखाद्याचं वैयक्तिक काम नाही. एका विधानसभा मतदारसंघात शंभरावर गावं असू शकतात, तेव्हा 5 कोटींत प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार ते आपणच हिशोब करावा. ज्या गावाचा कागद तयार असतो त्याचं काम यादीत आधी बसतं. कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव, जागा सार्वजनिक असल्याचा उतारा आणि शाखा अभियंत्याकडून घेतलेलं अंदाजपत्रक. मघाशी ग्रामसभेच्या इतिवृत्ताचं म्हटलं ते यासाठी. ठराव नसेल तर शाळेच्या खोलीची मागणी म्हणजे नुसती चर्चा.

स्थानिक निधीशिवाय जिल्हा नियोजन समिती असते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री, आणि तिच्या बैठकांना आमदार-खासदार बसतात. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी दिशा समिती खासदारांच्या अध्यक्षतेखाली असते. जलजीवनची टाकी उभी आहे आणि नळाला पाणी नाही, हा विषय दिशा समितीत मांडायचा. बैठकीची तारीख कळली की आठवडाभर आधी खासदारांच्या कार्यालयात एक पानाचं टिपण पोचवावं, फोटोसह.

पण मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते आमसभेबद्दल. पंचायत समितीची वार्षिक आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते. तहसीलदार, गटविकास अधिकारी, वीज, बांधकाम, पाणीपुरवठा, कृषी, शिक्षण, सगळ्या खात्यांचे तालुक्याचे अधिकारी तिथं समोर बसलेले असतात आणि कुणीही नागरिक उठून प्रश्न विचारू शकतो. दोन खाती एकमेकांवर ढकलत असतील तर ती दोन्ही त्या मंडपात हजर असतात. आणि उत्तर इतिवृत्तात येतं. कित्येक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही. कारण ती मागणारं कुणी नसतं. तुमच्या तालुक्यात शेवटची आमसभा कधी झाली, तिचं इतिवृत्त कुठं आहे, एवढी दोन वाक्यांची विचारणा आमदारांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना लेखी करा. वीस कामांसाठी वीस चकरा मारण्यापेक्षा ही एक मागणी मोठी आहे.

त्यावरचा टप्पा विधिमंडळाचा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. नागपूरचं अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन निघालेली गाडी उशिरानंच पोचते. दिवाळीच्या आधी आमदारांना माहिती मिळाली तर प्रश्न तयार होतो.

कंधारचे केशवराव धोंडगे विरोधी बाकावरून कितीतरी वर्षं विधानसभेत बोलत राहिले. 1977 मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवरही गेले होते. सत्तेत नसलेला आमदार काय कामाचा, असं म्हणणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी. निधी सत्तेतल्याला जास्त मिळतो हे खरं आहे. पण प्रश्न विचारायला सत्ता लागत नाही. तो अधिकार दोन्ही बाकांवर सारखाच आहे. आणि तुमचा आमदार विचारत नसेल तर शेजारच्या मतदारसंघाचा किंवा विधान परिषदेचा आमदारही विचारू शकतो.

मराठवाड्यापुरता एक मोठा विषय इथं येतो. राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. अनुशेष मोजणारी, निधीच्या वाटपाकडे पाहणारी जागा त्यामुळे रिकामी झाली. गावच्या निवेदनात हा विषय बसत नाही. पण ग्रामपंचायती, शेतकरी गट, महाविद्यालयातली मुलं, वकील यांनी आपापल्या आमदारांना ‘तुम्ही यावर सभागृहात काय विचारलंत?’ असं लेखी विचारावं, इतका तो महत्त्वाचा आहे. जायकवाडीचं पाणी, पैठणच्या वरच्या धरणांतून ते कधी सोडायचं, हाही असाच. एकट्याच्या टेबलावर सुटणारा नाही, पण विचारत राहिल्यावाचूनही सुटणारा नाही.

दवाखान्याचं काम

रात्री अपरात्री लोकप्रतिनिधींना सगळ्यात जास्त फोन येतात ते दवाखान्यासाठी. इथं क्रम ठाऊक असला पाहिजे. आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो आजार आणि ते रुग्णालय बसतं का ते पाहायचं, तिथं कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, त्याबद्दल तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला विचारायचं. यात न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला रुग्णालयाचं अंदाजपत्रक, 1.60 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला, आधार आणि शिधापत्रिका लागते. अर्ज रुग्ण दाखल असतानाच करायचा, घरी आल्यावर बिलाची भरपाई मिळत नाही. शिफारसपत्रासाठी दोन दिवस घालवू नका, अर्ज थेट करता येतो. आमदारांची मदत मागायची ती खाट मिळवायला, उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी काढायला, आणि रुग्णालय योजना नाकारत असेल तर कारण विचारायला. पंतप्रधान सहायता निधीसाठी मात्र खासदारांच्या पत्राचा उपयोग होतो.

या कामात कुणी टक्केवारी मागितली, मग तो कार्यकर्ता असो की एजंट, तर एक रुपयाही देऊ नका. या निधींना फी नाही.

जे मागू नये

न्यायालयात चालू असलेल्या खटल्यात, आणि तहसीलदार किंवा प्रांत न्यायाधीशासारखे बसून जो वाद ऐकतात त्यात, ‘साहेबांनी एक शब्द टाकावा’ असं मागू नये. बांधाचा, वहिवाटीचा, वादग्रस्त फेरफाराचा निकाल पुराव्यावर होतो आणि त्याला अपिलाची वाट आहे. आज आपल्यासाठी शब्द टाकला गेला तर उद्या भावकीसाठीही टाकला जाईल. पोलिसांत गुन्हा नोंदवून घेत नसतील तर आमदारांनी ‘का नोंदवला नाही’ असं विचारणं योग्य आहे. ‘अमक्याला अडकवा’ किंवा ‘तमक्याला सोडा’ असं सांगायला लावणं अयोग्य आहे. सुरुवातीला पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी, मग न्यायदंडाधिकारी आहेतच. भरतीत नाव लावा, पेपर तपासताना बघा, हे तर बोलूच नये. त्या यादीत ज्याचं नाव मागं पडतं तोही कुणाच्या तरी घरचा शिकलेला पोरगा असतो.

दोन महिने झाले, उत्तर नाही

लोकप्रतिनिधीनं पत्र दिलं, कार्यालयानं उत्तर दिलं नाही, असं होतं. अशा वेळी 2005 चा माहिती अधिकार वापरायचा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही खर्च नाही, आणि तीस दिवसांत माहिती देणं बंधनकारक. अर्जात ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्यावर माहिती देता येत नाही असं उत्तर येऊ शकतं. असं मागा: मा. आमदार यांचे अमुक तारखेचे, अमुक जावक क्रमांकाचे पत्र आपल्या कार्यालयास कोणत्या तारखेस मिळाले त्या नोंदवहीच्या पानाची प्रत. त्यावर झालेल्या टिप्पणीची आणि शेऱ्यांची प्रत. पाठवलेल्या उत्तराची प्रत. ज्या माणसाच्या टेबलावर पत्र थांबलं त्याची सही त्या टिप्पणीवर असते, आणि काहीच झालं नसेल तर टिप्पणीच नसते. जे मिळेल त्याची झेरॉक्स काढून आमदारांच्या कार्यालयात नेऊन द्या, त्यांच्या पत्राचं काय झालं हे त्यांनाही बहुधा त्यातूनच पहिल्यांदा कळतं. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, आणि त्या अपिलाचीही एक प्रत आमदारांना द्या.